दा लात की बुऑन मा थुओत? व्हिएतनामच्या कॉफीच्या मुलखात नेमकं कुठे जायचं

व्हिएतनामची सहल आखताना ‘कॉफीचे मळे बघायचेत’ असं म्हणायचा अवकाश, की कुणीतरी दा लातचं नाव पुढे करतं. डोंगर, धुकं, पाइनची झाडं, दरीच्या तोंडावरची कॅफे. फोटो इतके देखणे असतात की आणखी चौकशी करावीशी वाटत नाही. पण ज्या कॉफीच्या जोरावर व्हिएतनाम ब्राझीलच्या पाठोपाठ जगातला दुसरा मोठा कॉफी-उत्पादक देश झाला, तिचं गाव दा लात नव्हे. ते आहे रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला, बुऑन मा थुओत. दोन्ही ठिकाणं देशाच्या मध्य उच्चभूमीत आहेत, दोन्हीकडे मळे आहेत आणि दोन्हीकडची दुकानं कॉफीच्या पुड्यांनी भरलेली आहेत. त्यामुळे घोळ होतो आणि माणूस चार दिवस घालवून, हवं ते न बघताच परत येतो.

आपल्या ओळखीच्या नावांत सांगायचं तर दा लात हे महाबळेश्वर आहे आणि बुऑन मा थुओत हे लासलगाव. एक साहेबाने वसवलेलं थंड हवेचं ठिकाण, अगदी स्ट्रॉबेरीसकट. दुसरं शेतमालाचं गाव, जिथल्या पिकावर आणि भावावर हजारो घरं चालतात. महाबळेश्वर सुंदर आहेच, पण कांद्याचा व्यवहार कळून घ्यायचा असेल तर तिथे जाऊन काय उपयोग?

नावांपासूनच बघा. दोन्ही नावं मूळची व्हिएतनामी नाहीत, डोंगरातल्या आदिवासींच्या भाषांतली आहेत. दा लात म्हणजे लात लोकांचं पाणी, त्यांचा ओढा. बुऑन मा थुओत म्हणजे थुओतच्या बापाचं गाव, कारण एडे भाषेत ‘बुऑन’ म्हणजे गाव आणि ‘आमा’ म्हणजे बाप. एका नावात पाणी आहे, दुसऱ्यात वस्ती. दोन्ही ठिकाणांचा स्वभाव ह्यात बराचसा आला.

दा लातचा शोध लावण्याचं श्रेय अलेक्सांद्र येर्सँ ह्या डॉक्टरला दिलं जातं. १८९३मध्ये तो लांग बियांगच्या पठारावर पोचला. तिथली थंड हवा त्याच्या लक्षात राहिली आणि पुढे फ्रेंच गव्हर्नर-जनरल पॉल दूमेरने आजारी गोऱ्यांसाठी हवापालटाची जागा शोधायला घेतली, तेव्हा येर्सँने हीच जागा सुचवली. १८९४मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधून काढणारा येर्सँ तो हाच. १८९७मध्ये प्लेगने मुंबई हवालदिल झाली होती, तेव्हा तो आपली लस-द्रव्यं घेऊन मुंबईतही आला होता. दा लातच्या तळ्याकाठी फिरताना मराठी माणसाला हा धागा आठवला, तर ते गाव थोडं जवळचं वाटेल.

म्हणजे दा लात वसलं ते हवेसाठी, कॉफीसाठी नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंची, रात्री स्वेटर लागेल असा गारवा, फ्रेंच बंगले, १९३८मध्ये पुरं झालेलं देखणं रेल्वे स्टेशन. तिथून आता जेमतेम ७ किलोमीटरवरच्या त्राय मातपर्यंत गाडी जाते. कॉफी इथे आहे, पण ती अरेबिका, म्हणजे उंची आणि गारवा मागणारी जात. शहराच्या आग्नेयेला कऊ दात नावाचा भाग आहे, तिथल्या उतारांवर चांगली अरेबिका पिकते. लांग बियांग डोंगराच्या पायथ्याशी क’हो आदिवासींच्या वस्त्यांमध्ये काही घरं स्वतःची कॉफी पिकवतात, वाळवतात, भाजतात आणि तुमच्यासमोर गाळून देतात. दा लातला गेलात तर एक सकाळ तिथे द्याच. व्हिएतनामच्या एकूण कॉफीत अरेबिकाचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे, म्हणून तिची किंमत जाणून प्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाईट वाटेल. दा लातच्या आसपासच्या डोंगरांवर आता मैलोगणती प्लॅस्टिकची हरितगृहं आहेत. फुलं आणि भाजीपाला हा तिथला मोठा धंदा. फोटोत दिसणारी हिरवी दरी आणि समोरची पांढरी छपरं ह्यांचा मेळ लागायला एक दिवस जातो.

आता बुऑन मा थुओत. उंची फक्त ५०० मीटरच्या आसपास. इथे घाटमाथ्याचा गारवा नाही, दुपारचं ऊन चांगलंच जाणवतं. प्रदेश डोंगराळ म्हणण्यापेक्षा लाटांसारखा उंचसखल आहे आणि माती लालभडक. ही माती बेसॉल्टची, ज्या खडकावर आपलं दख्खन उभं आहे त्याच जातीच्या खडकाची. फरक इतकाच की तिथल्या ऊन-पावसात तो कुजून खोलवर लाल झाला आहे. रोबस्टा ह्या कॉफीच्या दुसऱ्या जातीला हेच हवं असतं: उष्णता, खोल माती, भरपूर पाणी. व्हिएतनाम जगात सर्वाधिक रोबस्टा पिकवतो आणि तिचं काळीज म्हणजे हा दाक लाक प्रांत.

फ्रेंचांनी १८५७मध्ये कॉफी देशात आणली खरी, पण आज दिसणारे मळे बरेच अलीकडचे आहेत. ह्या इतिहासातलं एक पान फार विलक्षण आहे. १९७७च्या सुमारास पूर्व जर्मनीत कॉफीची भयंकर टंचाई झाली. परकीय चलन नाही, लोक चिडलेले. शेवटी त्या सरकारने युद्धातून नुकत्याच उठलेल्या व्हिएतनामशी करार केला: यंत्रं, पैसा, तंत्रज्ञ आम्ही देतो, दाक लाकमध्ये कॉफी तुम्ही लावा. पण कॉफीचं झाड काही वर्षांनी धरतं. मळे भरात येईपर्यंत १९९० उजाडलं आणि पूर्व जर्मनी हा देशच नकाशावरून गेला. कॉफी मात्र राहिली. १९८६च्या आर्थिक सुधारणांनंतर उत्तरेकडून आणि किनाऱ्यावरून लाखो लोक इथे आले, प्रत्येक कुटुंबाने थोडी जमीन धरली आणि नव्वदच्या दशकात उत्पादन भराभर चढलं. त्यासाठी मोठं जंगल गेलं आणि मूळच्या एडे लोकांच्या हातून बरीचशी जमीनही गेली. मळ्यातून फिरताना हेही डोळ्यांसमोर असावं असं मला मनापासून वाटतं.

एडे लोकांची लांबच लांब घरं अजून शहरातच, अको धोंग वस्तीत बघायला मिळतात. समाज मातृवंशीय, मुलगी घराची वारस, लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. घराच्या लाकडी शिडीवर दोन स्तन आणि चंद्रकोर कोरलेली असते. ह्याच घरांच्या छपरांवरून स्फूर्ती घेऊन २०१८मध्ये इथे जागतिक कॉफी संग्रहालय उभं राहिलं. ते उभारणारी त्रुंग ग्युएन ही कंपनीही ह्याच शहरात १९९६मध्ये सुरू झाली. जुन्या भाजणीयंत्रांत आणि जात्यांत रस असेल तर अर्धा दिवस सहज जातो.

पेल्यातला फरक तर पहिल्या घोटालाच कळतो. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, चव कडू, घट्ट, भाजलेल्या कोकोकडे झुकणारी. जुन्या पद्धतीत भाजताना लोणी आणि साखरही घालतात. ‘फिन’ नावाच्या छोट्या धातूच्या गाळणीतून थेंबथेंब उतरलेली ही कॉफी कंडेन्स्ड मिल्क आणि बर्फावर घेतात, कारण ताजं दूध त्या देशात मुबलक नव्हतं. व्हिएतनामी कॉफी म्हणून जगभर जे ओळखलं जातं ते हेच. दा लातची अरेबिका हलकी, किंचित आंबूस, फळांच्या वासाची. तीत कंडेन्स्ड मिल्क ओतलंत तर तिची चव हरवेल. आपल्या फिल्टर कॉफीची सवय असलेल्याला बुऑन मा थुओतचा पेला लवकर आपलासा वाटतो, निदान मला तरी वाटला.

केव्हा जायचं, हे मात्र नीट ठरवा. पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर. म्हणजे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत दा लातला दुपारच्या सरी गाठतात आणि मळ्यांत ना फूल ना पिकलेलं फळ, सगळं हिरवं. दिवाळीच्या सुट्टीत अरेबिकाची तोडणी सुरू झालेली असते, पण किनाऱ्यावरच्या वादळांमुळे घाटात दरडी कोसळण्याचा धोकाही तेव्हाच असतो. रोबस्टाची तोडणी नोव्हेंबर-डिसेंबरात जोर धरते. घरोघरी अंगणात, गच्चीवर, जागा मिळेल तिथे कॉफीचं वाळवण पडलेलं असतं.

माझी आवडती वेळ फेब्रुवारी-मार्च. कोरड्या दिवसांत शेतकरी विहिरीचं पाणी मळ्याला देतात आणि आठवडा-दहा दिवसांत सगळ्या फांद्या पांढऱ्या फुलांनी लगडतात. वास मोगऱ्याच्या जवळचा. बहर जेमतेम काही दिवस टिकतो, पण सगळे एकदम पाणी देत नसल्यामुळे आज ह्या मळ्यात तर चार दिवसांनी त्या मळ्यात तो सापडतो. बुऑन मा थुओतचा कॉफी महोत्सवही मार्चमध्ये, एक वर्षाआड असतो. फक्त चांद्र नववर्षाचे, तेतचे दिवस टाळा. तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या तुडुंब.

आरक्षण करताना आणखी एक घोळ होतो, तो प्रांतांच्या नावांचा. १ जुलै २०२५पासून व्हिएतनामने ६३ प्रांतांचे ३४ केले. दा लातचा लाम दोंग प्रांत आता पार समुद्रापर्यंत पोचला आहे आणि दाक लाकलाही किनारा मिळाला आहे. नुसतं ‘लाम दोंग’ टाकून हॉटेल शोधलंत तर मुई नेच्या वाळूवरची खोली पदरात पडेल, दा लातपासून काही तासांवरची. शहराचं नाव आणि नकाशा दोन्ही पाहूनच पैसे भरा. शिवाय लाम दोंगमध्येही खालच्या अंगाला, दि लिन आणि बाओ लोकच्या बाजूला रोबस्टाच पिकते. म्हणून पुडीवर नुसतं ‘लाम दोंगची कॉफी’ लिहिलं असेल तर ती अरेबिकाच असेल असं धरून चालू नका, विचारून घ्या.

बाकी तयारी सोपी. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमान आहे आणि तिथून दोन्ही शहरांना तासाभराचं. शाकाहारी मंडळींनी ‘चाय’ हा शब्द पाठ करावा. त्याचा अर्थ चहा नव्हे, शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच बौद्ध लोक शाकाहार पाळतात, तेव्हा पर्याय वाढतात. आणि दोन्हीकडे उदमांजराच्या विष्ठेतून काढलेली कॉफी महागात विकतात. त्यासाठी ते जनावर पिंजऱ्यात कोंडलेलं असतं. कृपा करून घेऊ नका. हत्तीवर बसण्याचंही तेच. बुऑन मा थुओतजवळच्या योक दोन राष्ट्रीय उद्यानात मोकळे चरणारे हत्ती दुरून बघता येतात, ते बघा.

एकच ठिकाण जमणार असेल आणि कॉफीसाठीच निघाला असाल, तर बुऑन मा थुओत निवडा. घरातल्यांना थंड हवा आणि आराम हवा असेल तर दा लात, त्यात वावगं काहीच नाही. पण सहा दिवस काढता आले तर दोन्ही करा आणि क्रम उलटा ठेवा. आधी बुऑन मा थुओतला उतरायचं, दोन दिवस मळे, वस्ती, सेरेपोक नदीवरचा द्राय नूर धबधबा. मग मोटारीने दक्षिणेला निघायचं, सुमारे ५५ किलोमीटरवरच्या लाक तळ्याकाठी एक रात्र थांबायचं आणि सकाळी राष्ट्रीय महामार्ग २७ने चढ धरायचा. खिडकीतून लाल माती मागे पडते, भातखाचरं येतात, मग घाट, मग पाइन. संध्याकाळी स्वेटर चढवून कऊ दातची काळी अरेबिका मागवा, दूध न घालता. तीन दिवस रोबस्टा प्यायलेल्या जिभेला ती आंबूस, हलकी चव लगेच वेगळी ओळखू येते.