प्राध्यापक भरतीचा घोळ: मागे नेमकं काय काय झालं

दर अधिवेशनात प्राध्यापक भरतीचा विषय निघतो, आश्वासन मिळतं आणि मग सगळं थंड. फार जुनं उगाळत बसत नाही. 1983 मध्ये राज्यात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडलं, आणि 2001 च्या 'कायम विनाअनुदानित' धोरणाने नवीन आर्ट्स-कॉमर्स-सायन्स कॉलेजांचा पगारही कायमचा फीवर टाकला. उरली जुनी अनुदानित कॉलेजं आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग. तिथला पगार सरकार देतं, तो एकदम बंद करता येत नाही, मग सोपा मार्ग म्हणजे रिटायर झालेल्याची जागा भरायचीच नाही. बजेटच्या पुस्तकात 'कपात' असा शब्द कुठे सापडणार नाही, पण पैसे मात्र वाचतात.

खरी गंमत पुढे आहे. 2017 च्या मे महिन्यात भरती थांबवली, कारण दिलं की आधी आकृतीबंध (कुठे किती पदं मंजूर, याचा तक्ता) नक्की होऊ दे. मग आंदोलनं झाली आणि नोव्हेंबर 2018 मध्ये जीआर आला की रिक्त जागांपैकी 40 टक्के भरा. आता रिक्त कधीच्या? तर 1 ऑक्टोबर 2017 च्या. म्हणजे त्या तारखेनंतर जे रिटायर झाले त्यांच्या खुर्च्या हिशोबातच नाहीत, आणि आधीच्या रिकाम्या होत्या त्यातल्याही 60 टक्के तशाच. या हिशोबाने 3580 जागा निघाल्या. त्यातल्या 1492 भरल्या तोवर कोरोना आला, 4 मे 2020 च्या वित्त विभागाच्या जीआरने नवीन भरती पुन्हा बंद. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये 2088 जागांना मंजुरी मिळाली आणि पेपरात मोठमोठ्या बातम्या आल्या. 3580 मधून 1492 वजा करून बघा, बरोबर 2088 उरतात! जुनीच उरलेली यादी नवीन म्हणून जाहीर झाली, आणि नेट-सेट (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा) करून बसलेल्या पोरांनी परत फायली घेऊन संस्थांचे उंबरे झिजवले.

सरकारची बाजूही आहे, नाही असं नाही. सातव्या वेतन आयोगाच्या वाढीव खर्चातला फक्त निम्मा वाटा केंद्राने उचलला, तोही 2019 च्या मार्चपर्यंतच, पुढचं सगळं राज्याच्या गळ्यात. बऱ्याच ठिकाणी आर्ट्सला पोरंच येत नाहीत, वर्कलोड (शिकवायचे पुरेसे तास) बसत नाही, हेही खरंय. पण वर्कलोड जिथे आहे तिथेसुद्धा तास सीएचबीवरच (म्हणजे तासाच्या हिशोबाने पैसे देऊन नेमलेल्या शिक्षकांवर) चालतात ना. 2018 च्या दराने डिग्रीच्या एका तासाला 500 रुपये, आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास, सुट्टी पडली की पैसे नाहीत. म्हणजे सगळे तास झाले तरी महिन्याचे 18 हजार, आणि मे महिन्यात शून्य. नंतर दर वाढले, पद्धत तीच राहिली.

विद्यापीठाच्या विभागांना हे वेगळ्या जागी लागतं. पीएचडीचा गाईड फक्त परमनंट शिक्षक होऊ शकतो, प्रोफेसरकडे आठ विद्यार्थी, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार. एक प्रोफेसर रिटायर झाला की आठ सीट गेल्या, त्यात शेवटच्या तीन वर्षांत त्याला नवीन विद्यार्थी घेताच येत नाहीत, म्हणजे गळती आधीच सुरू झालेली असते. कंत्राटी माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्या नावावर सीट मिळत नाही. मग रिसर्च पेपर घटतात, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण बिघडतं, आणि या दोन्हीला देशपातळीच्या रँकिंगमध्ये मार्क असतात. पुण्याचं विद्यापीठ 2025 मध्ये विद्यापीठांच्या यादीत 23 वरून 56 वर घसरलं तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. तोवर मधल्या काळात खर्च भागवायला स्वयंअर्थसहाय्यित कोर्स वाढवून झाले होते, त्यांची फी पोरांच्या घरून येते, आणि शिकवणारे पुन्हा कंत्राटीच.