वैर आणि वाद: ‘प्रिन्सेस मोनोनोके’चा ट्रेलर पाहताना

घोडबंदर रोडच्या आमच्या घरात भाचीला ‘प्रिन्सेस मोनोनोके’चा ट्रेलर दाखवत होते. रक्ताने माखलेल्या तोंडाची मुलगी, शेजारी पांढरीशुभ्र लांडगीण. भाचीने विचारलं, “मावशी, ही माणसं खाते का गं?”

प्रश्न रास्त होता. पण जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या १९९७च्या या ॲनिमेशनपटात सान नावाची ती मुलगी त्या वेळी लांडगिणीच्या जखमेतलं रक्त चोखून थुंकत असते. त्याच लांडगिणीने तिला वाढवलंय. सुटं पाहिलं की हिंस्र वाटणारं ते दृश्य खरं तर शुश्रूषेचं आहे.

इथेच गल्लत होते. निसर्गाचं माणसाशी वैर ही एक गोष्ट, निसर्गावरून माणसांत पेटलेला वाद ही दुसरी. वैराच्या गोष्टीत माणूस म्हणजे नुसती कुऱ्हाड आणि धूर. समोर पूर, वणवा, श्वापद. वादाच्या गोष्टीत दोन्हीकडे चेहरे असतात आणि प्रत्येकाला काहीतरी हवं असतं.

सिनेमात लोखंड गाळणाऱ्या वस्तीची प्रमुख एबोशी जंगल तोडते, हे खरंच. पण तिच्या या वस्तीत पायांनी भाता चालवणाऱ्या बायकांना तिनेच कुंटणखान्यातून सोडवलंय. तिच्यासाठी बंदुका घडवतात ते कुष्ठरोगी, ज्यांना दुसऱ्या कुणी जवळ केलं नाही. या सगळ्यांचं पोट त्या भट्टीवर आहे. आणि जंगलासाठी जिवावर उदार झालेली सान जन्माने माणूसच! मग रेघ ओढायची कुठे?

ट्रेलर ती बेधडक ओढतो, कारण त्याच्या हाती मिनिटं मोजकी. झाड कोसळतं, लगेच डरकाळी. मधला ‘म्हणून’ आपणच मनात घालतो. सिनेमात त्या दोन दृश्यांत अर्ध्या तासाचं अंतर असू शकतं. भाचीला मी ट्रेलर आवाज बंद करून पुन्हा पाहायला लावला आणि एकच गोष्ट शोधायला सांगितली: झाड तोडणाऱ्याचा चेहरा दिसतो का? दिसला, तर गोष्ट बहुधा वादाची.

आमच्या खिडकीतून ठाण्याच्या येऊरचा जंगलाने भरलेला डोंगर दिसतो. बिबट्या सोसायटीत शिरला की बातमीत वैरच असतं. त्याच जंगलाच्या पाड्यांवर वारली कुटुंबं शेंदूर लावलेल्या वाघोबाला पुजतात, पिढ्यान्‌पिढ्या. जंगलाच्या कडेला आणखी किती मजले चढवायचे, यावरून भांडतोय ते आपण ठाणेकर.