बंदूकधारकांच्या कायदेशीर बचाव योजना

स्वसंरक्षणासाठी शस्त्र वापरल्यानंतर अंगावर येणाऱ्या खटल्याचा खर्च उचलण्याची हमी देणाऱ्या, मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर चालणाऱ्या अमेरिकेतील योजना. सभासदाने कोणावर गोळी झाडली किंवा नुसती बंदूक रोखली, तरी पोलिसांच्या पहिल्या चौकशीपासून वकील मिळावा, जामिनाची सोय व्हावी, तज्ज्ञ साक्षीदारांचे आणि खासगी तपासनीसांचे मानधन भागावे, असा या हमीचा आवाका असतो. पुढे जखमीने किंवा मृताच्या कुटुंबाने भरपाईचा दिवाणी दावा लावला, तर काही योजना त्याचाही खर्च देतात. या योजना विमा आहेत की नाहीत, हा त्यांच्याभोवतीचा मुख्य वाद आहे. त्या विमा ठरल्या, की राज्याचे विमा खाते परवाना, दर आणि गंगाजळी यांचा हिशेब मागू लागते.

अशी हमी विकत घ्यावीशी वाटण्यामागे अमेरिकी न्यायव्यवस्थेतला खर्च आहे. सरकारी खर्चाने वकील फक्त निर्धनाला मिळतो. घर, नोकरी, थोडीफार शिल्लक असलेल्या मध्यमवर्गीयाला खुनाच्या आरोपातून सुटायचे तर लाखो डॉलर ओतावे लागू शकतात आणि निर्दोष सुटला तरी ते पैसे सहसा परत मिळत नाहीत. वॉशिंग्टन राज्य याला अपवाद आहे. तिथे ज्युरीने स्वसंरक्षण मान्य करून आरोपीला सोडले, तर वकिलाच्या फीसह वाजवी खर्च राज्याने भरून द्यावा, असा कायदाच आहे. गंमत अशी, की या योजनांवर सर्वांत कडक नजर ठेवणाऱ्या राज्यांतही वॉशिंग्टनचे नाव पुढे आहे.

घराचा विमा इथे फारसा उपयोगी पडत नाही. त्याच्या प्रचलित नमुन्यात हेतुपुरस्सर केलेली इजा वगळलेली असते. जीव किंवा मालमत्ता वाचवण्यासाठी वाजवी बळ वापरले असेल तर हे वगळणे लागू होत नाही, अशी सवलत बहुतेकदा असते. पण ती दिवाणी दाव्यापुरती. फौजदारी खटल्यातल्या वकिलाचे बिल घराचा विमा भरत नाही आणि बचाव योजनांनी नेमकी हीच फट हेरली.

वर्गणी भरून वकील बांधून ठेवण्याची कल्पना मात्र बंदूकधारकांच्या योजनांपेक्षा जुनी आहे. ओक्लाहोमातील हार्लंड स्टोनसायफर यांना १९६९ मध्ये झालेल्या मोटार अपघातानंतर विमा असूनही वकिलाचा खर्च पदरचा करावा लागला. त्यातून त्यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली कंपनी पुढे लीगलशील्ड या नावाने मोठी झाली. बंदूकधारकांसाठी हा साचा एकविसाव्या शतकात वापरला गेला. युनायटेड स्टेट्स कन्सील्ड कॅरी असोसिएशन (युएससीसीए) २००३ मध्ये विस्कॉन्सिनात, आर्म्ड सिटिझन्स लीगल डिफेन्स नेटवर्क २००८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात, टेक्सास लॉ शील्ड (आता यूएस लॉशील्ड) २००९ मध्ये ह्यूस्टनमध्ये आणि सीसीडब्ल्यू सेफ २०११ मध्ये ओक्लाहोमात उभी राहिली.

बाहेरून या सगळ्या सारख्या दिसल्या तरी आतली बांधणी वेगवेगळी आहे. युएससीसीएच्या बांधणीत संघटना स्वतः एका विमा कंपनीची पॉलिसी घेते आणि सभासद त्या पॉलिसीखाली येतात. म्हणजे सभासद विमा विकत घेत नाही, सभासदत्व घेतो आणि विमा त्यासोबत येतो. लॉशील्ड आगाऊ पैसे भरून वकिली सेवा विकते. आर्म्ड सिटिझन्स नेटवर्क सभासदांच्या वर्गणीतला काही भाग बचाव निधीत टाकते आणि त्यातून मदत देते. चौथ्या प्रकारात वकिलांची फर्मच ठरावीक महिन्याच्या फीवर ‘वेळ आली तर तुमचा खटला आम्ही लढू’ असा करार करते. हा वकील आणि अशील यांच्यातला साधा करार आहे, यात विम्याचा संबंध नाही, असे या फर्मचे म्हणणे. यावर नियामकांचा प्रतिप्रश्न बिनतोड वाटतो: फी ठरलेली, घटना अनिश्चित आणि घडलीच तर खर्च फीच्या शेकडो पट, तर मग जोखीम एकाकडून दुसऱ्याकडे गेली नाही का?

अमेरिकेत विम्याचे नियमन केंद्राकडे नाही. १९४५ च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने ते राज्यांवर सोडले आहे. भारतात आयआरडीएआय हा एकच विमा नियामक असल्याने आपल्याला हे चमत्कारिक वाटते. पण तिथे एकच योजना एका राज्यात बिनबोभाट चालते आणि शेजारच्या राज्यात बेकायदा ठरते. टेक्सासात नफ्यासाठी चालणाऱ्या वकिली सेवा करारांसाठी वेगळा कायदा आहे. फ्लोरिडात कायदेशीर खर्चाचा विमा असा स्वतंत्र वर्गच आहे. न्यू यॉर्कचा विमा कायदा म्हणतो, की दोन्ही पक्षांच्या बऱ्याच अंशी हाताबाहेरच्या, आकस्मिक घटनेवर पैशाचा लाभ देण्याचे बंधन पत्करले, की तो विम्याचा करार झाला. त्यामुळे डॅलसमधल्या मराठी माणसाला सहज मिळणारे सभासदत्व त्याच्या न्यू यॉर्कमधल्या भावाला मिळेलच असे नाही.

तत्त्वाचा पेच असा. हेतुपुरस्सर कृत्याचा विमा काढता येत नाही, हे विमाशास्त्राचे जुने सूत्र. कॅलिफोर्नियाच्या विमा संहितेचे ५३३ वे कलम जाणूनबुजून केलेल्या कृत्यातून झालेले नुकसान भरण्यास विमा कंपनी जबाबदार नाही, असे सांगते. पण स्वसंरक्षणार्थ गोळी झाडणारा ती चुकून झाडत नाही. त्याचे कृत्य हेतुपूर्वक असते आणि तरी कायद्याने गुन्हा नसते. तो गुन्हा होता की नाही, हे खटला संपल्यावर कळते आणि पैसे तर खटल्याच्या आधीच लागतात. म्हणून काही योजना सुटकेनंतर परतफेड करतात, काही सुरुवातीपासून देतात, तर काही आधी देऊन दोषी ठरल्यास परत मागण्याचा हक्क राखतात. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांपेक्षा सभासदाने करारातले पैसे कधी मिळतात याचे कलम वाचावे. त्याच्या जोडीला दारूच्या अमलाखालची घटना, बंदुकीला मनाई असलेली जागा आणि घरातल्याच व्यक्तीवर झाडलेली गोळी यांविषयीच्या अटीही. २०१८ मध्ये लुइझियानात एका महिलेने सभासदत्व घेतल्यानंतर थोड्याच काळात विभक्त राहणाऱ्या पतीला गोळी घातली. पुढे ती खुनात दोषी ठरली. विमा कंपनीने हात आखडता घेतल्यावर हमी कुठे संपते, यावर वेगळाच दावा उभा राहिला.

नियामक आणि बंदूकधारक यांची सर्वांत गाजलेली टक्कर नॅशनल रायफल असोसिएशन (एनआरए) या बंदूकधारकांच्या संघटनेच्या ‘कॅरी गार्ड’ योजनेवरून झाली. एप्रिल २०१७ मध्ये आलेल्या या योजनेत दिवाणी दाव्यासाठी १५ लाख डॉलरपर्यंत संरक्षण होते. व्यवस्था लॉकटन या दलाल कंपनीकडे आणि पॉलिसी चब या विमा समूहातल्या इलिनॉय युनियन कंपनीची. विरोधकांनी तिला ‘खुनाचा विमा’ म्हणायला सुरुवात केली. न्यू यॉर्कच्या वित्तीय सेवा विभागाने त्याच वर्षी चौकशी सुरू केली. हेतुपुरस्सर कृत्याला संरक्षण आणि एनआरएचे विनापरवाना विमा व्यवहार, असे मुख्य आक्षेप होते. मे २०१८ मध्ये लॉकटनने ७० लाख आणि चबने १३ लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवले. वर्षअखेरीस लॉइड्स या लंडनच्या विमा बाजाराच्या वाट्याला ५० लाख डॉलरचा दंड आला. २०२० मध्ये एनआरएनेही २५ लाख डॉलर भरून पाच वर्षे न्यू यॉर्कात विमा व्यवसायापासून दूर राहण्याचे मान्य केले.

दरम्यान विभागाच्या तत्कालीन प्रमुख मारिया वुलो यांनी एप्रिल २०१८ मध्ये बँका आणि विमा कंपन्यांना पत्रे पाठवून एनआरएशी संबंध ठेवल्याने नाव खराब होण्याची जोखीम तपासायला सांगितले होते. सरकारी ताकदीने आपला आवाज दाबला, असा दावा एनआरएने लावला. ३० मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांच्या निकालपत्रातून, हा दावा प्रथमदर्शनी टिकण्याजोगा ठरवला. या निकालाने ‘कॅरी गार्ड’ कायदेशीर ठरली, असा प्रचार तेव्हा ऐकू आला; तो खोटा आहे. विमा कायद्याच्या भंगाबद्दल कारवाईचा नियामकाचा अधिकार न्यायालयाने अबाधित ठेवला. मते आवडत नाहीत म्हणून तिसऱ्याच कंपन्यांना धाक घालणे गैर, एवढेच त्याने सांगितले.

विम्याचा रेटा उलट दिशेनेही लागला आहे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराने जानेवारी २०२२ मध्ये बंदूकधारकांना विमा सक्तीचा करणारा देशातला पहिला नियम केला. त्याआधीच्या मे महिन्यात तिथल्या रेल्वे यार्डात गोळीबार होऊन नऊ कर्मचारी मारले गेले होते. न्यू जर्सीने डिसेंबर २०२२ मध्ये, सार्वजनिक जागी बंदूक बाळगणाऱ्यांसाठी तीन लाख डॉलरच्या दायित्व विम्याची अट घातली, तिला फेडरल न्यायालयाने स्थगिती दिली. हा विमा आपल्याकडच्या मोटारींच्या थर्ड पार्टी विम्याच्या जातीचा आहे. पैसा बंदूकधारकाच्या वकिलाकडे नव्हे, इजा झालेल्याकडे जावा, हा त्याचा हेतू. मात्र सॅन होजेच्या नियमात फक्त निष्काळजीपणाने किंवा अपघाताने झालेले नुकसान धरले आहे. जाणूनबुजून झाडलेली गोळी त्याच्याही कक्षेबाहेर आहे.