रत्नवजनाचा अंदाज

रत्नवजनाचा अंदाज : दागिन्यात जडवलेला खडा न काढता, त्याची मापे आणि तो ज्या पदार्थाचा आहे त्याची घनता यांवरून त्याचे वजन ठरवण्याची रीत. खडा सुटा असेल तर या गणिताची गरज नसते; कॅरटचा काटा लगेच उत्तर देतो. अडते ते कोंदणात बसलेल्या खड्यापाशी. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर किंवा सोन्या मारुती चौकाच्या आसपास कोणी जुनी अंगठी मोड म्हणून घेऊन गेले, की सराफ आधी अख्खी अंगठी तोलतो आणि त्यातून खड्याचे वजन वजा करतो. उरेल त्या सोन्याचे पैसे. खडा काढावा तर तो दुखावण्याची भीती, पाचूच्या बाबतीत तर फारच. न काढावा तर वजन अंदाजाने धरावे लागते. विमा, वाटणी आणि मूल्यांकनाचे दाखले यांतही हाच प्रश्न येतो.

एकके : रत्ने कॅरटमध्ये तोलतात. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यामुळे पाच कॅरटांचा एक ग्रॅम होतो. कॅरटच्या शंभराव्या भागाला बाजारात सेंट म्हणतात. हा मेट्रिक कॅरट १९०७ मध्ये ठरला. त्याआधी निरनिराळ्या शहरांचे कॅरट निरनिराळे होते आणि लंडनचा कॅरट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा होता. दुसऱ्या बाजीरावाकडून १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेल्या नासक हिऱ्याची वजने वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. लंडनमध्ये पुन्हा पैलू पाडल्यावर त्याचे वजन जुन्या कॅरटात ७८ ५/८ भरले, आजच्या कॅरटात तेच ८०.५९ होते. हिरा तोच, फरक फक्त एककाचा. (१९४० मध्ये अमेरिकेत त्याला पुन्हा घासून ४३.३८ कॅरटांचा चौकोनी हिरा केला गेला. तो फरक मात्र खराखुरा.)

राशीचे खडे अजूनही रत्तीत विकले जातात आणि तिथे घोळ जास्त. सोनाराची गुंज ९६ ला एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, या हिशेबाने सुमारे १२१.५ मिलिग्रॅमची असते. खड्यांच्या व्यापारात चालणारी रत्ती बहुधा १८२ मिलिग्रॅमची, म्हणजे ०.९१ कॅरटची धरतात. पावती रत्तीत असेल तर शेजारी कॅरट किंवा ग्रॅम लिहून घ्यावेत.

तत्त्व : घनफळ गुणिले घनता म्हणजे वस्तुमान, हे शाळेतलेच सूत्र. खड्याची मापे मिलिमीटरमध्ये आणि घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये घेतली, तर घनमिलिमीटर गुणिले घनता याचे उत्तर थेट मिलिग्रॅममध्ये येते. त्याला २०० ने भागले की कॅरट. म्हणजे लांबी, रुंदी, उंची आणि घनता यांच्या गुणाकाराला ०.००५ ने गुणायचे. पण हे झाले काटकोनी ठोकळ्याचे. खडा ठोकळा नसतो. तो ज्या ठोकळ्यात नेमका मावेल त्याचा किती भाग खडा व्यापतो, एवढेच खरे तर ठरवायचे असते आणि वजनाच्या सगळ्या सूत्रांतले चमत्कारिक दिसणारे दशांश गुणक हा भागच सांगतात.

घुमटाकार, पैलू नसलेला लंबगोल खडा घ्या. पोवळे आणि लसण्या बहुतेक असेच घडवतात. हा जवळजवळ अर्धा लंबगोलाभ, म्हणजे अंड्यासारख्या घनाकृतीचा अर्धा भाग. त्याचे घनफळ ठोकळ्याच्या π/६ पट, म्हणजे सुमारे ५२ टक्के; ०.००५ च्या ५२ टक्के ०.००२६. सूत्रात हाच गुणक दिलेला असतो. खाली टोकाला येणारा शुद्ध शंकू असता तर हा भाग २६ टक्के आणि गुणक ०.००१३ झाला असता. गोल ब्रिलियंट, म्हणजे हिऱ्याला नेहमी पाडतात तशा पैलूंच्या खड्याचा खालचा भाग शंकूसारखा, वरचा छाटलेल्या घुमटासारखा, म्हणून त्याचा गुणक या दोहोंच्या मधे, ०.००१८ च्या आसपास पडतो. पायऱ्यांच्या पैलूंचा चौकोनी पाचू ठोकळ्याचा निम्मा भाग व्यापतो, त्याला ०.००२५ धरतात. पैलूदार लंबगोल खड्याला लांबी-रुंदीची सरासरी काढून तिचा वर्ग करतात आणि त्याला उंची, घनता व ०.००२० यांनी गुणतात. दोन्ही टोके निमुळती असलेल्या मार्कीज खड्यात ठोकळ्याचे चारही कोपरे रिकामे राहतात, म्हणून तिथे गुणक ०.००१६ पर्यंत उतरतो. हे समजले की सूत्रे पाठ करण्याची फारशी गरज राहत नाही आणि एखादा विचित्र घडणीचा खडा समोर आला तरी अडत नाही.

हिऱ्याचे गणित सर्वांत सोपे, कारण त्याची घनता ३.५२ च्या आसपास पक्की असते. खाणीतला असो वा प्रयोगशाळेतला. त्यामुळे ती गुणकातच मिसळून टाकतात : व्यासाचा वर्ग × उंची × ०.००६१. साडेसहा मिलिमीटर व्यास आणि ३.९ मिलिमीटर उंची असेल तर उत्तर १.००५, म्हणजे बाजारातला एक कॅरटचा हिरा. त्याच मापाचा क्यूबिक झिर्कोनिया, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा, सुमारे १.६५ कॅरट भरतो, कारण त्याची घनता ५.८ च्या घरात असते. हिऱ्याची दुसरी नक्कल मोइसानाइट ३.२२ घनतेचा, म्हणून हिऱ्यापेक्षा थोडा हलका.

घनतेचा सापळा : रंगीत खड्यांच्या घनतेचे आकडे तक्त्यात मिळतात. माणिक आणि नीलम ४.००, पाचू सुमारे २.७२, गोमेद सुमारे ३.६५, लसण्या ३.७३, पेरिडॉट ३.३४. पण तक्ता उपयोगी पडायला खडा कोणता आहे हे आधी माहीत हवे. पुष्कराज म्हणून हाती येणारा पिवळा खडा पिवळा नीलम असेल तर घनता ४.००, टोपाझ असेल तर ३.५३ आणि सुनेला, म्हणजे पिवळा स्फटिक असेल तर अवघी २.६५. नऊ बाय सात मिलिमीटरचा, साडेचार मिलिमीटर उंचीचा लंबगोल खडा पहिल्या धारणेने २.३० कॅरट, दुसरीने २.०३ आणि तिसरीने १.५३ कॅरट येतो. रंग तिन्हीकडे पिवळाच. ओळख चुकली तर पुढचे दशांश कितीही काळजीने काढले तरी व्यर्थ. म्हणून जाणकार आधी अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते, पाहतात आणि मग मोजमापाला हात घालतात.

मोजणी आणि चुका : व्यास साध्या डिजिटल कॅलिपरने मोजता येतो. उंचीसाठी कोंदणाच्या आत पोहोचणारी बारीक टोके असलेले गेज लागते. गोल खडा क्वचितच खरा गोल असतो. दोन-तीन दिशांनी मोजून सरासरी घ्यावी. व्यासाचा वर्ग होत असल्याने त्यातली चूक दुप्पट होते. वरच्या एक कॅरटच्या हिऱ्यात ६.५ ऐवजी ६.६ वाचले की वजन तीन टक्के वाढते. कंबर, म्हणजे खड्याची सर्वांत रुंद कडा, जाड असेल तर थोडे टक्के वाढवतात. त्याहून मोठी गडबड पोटफुगव्या खड्यांची. रंगीत खड्याचे वजन राखण्यासाठी कारागीर त्याचा खालचा भाग फुगीर ठेवतात. वरून पाहिले तर काही कळत नाही आणि सूत्र दहा टक्क्यांनीही कमी वजन सांगू शकते. खडा आडवा धरून बाजूने पाहणे एवढाच त्यावर उपाय.

पाठ बंद असलेल्या कोंदणात तोही मार्ग नाही. जुन्या घडणीच्या कुड्यांत आणि कुंदनकामात खड्याखाली लाख व वर्ख असतो आणि उंची दिसतच नाही. आधुनिक घडणीच्या हिऱ्याची उंची व्यासाच्या साठ टक्के धरून वेळ मारून नेता येते. पोलकी हिऱ्याला हा नियम लावणे मात्र निव्वळ धाडस आहे, कारण तो चपटा, वेडावाकडा आणि जाडीला बेभरवशाचा असतो. मोड देताना लाखेचे वजनही वजा होते, हे गिऱ्हाइकाला पुष्कळदा ठाऊक नसते. खड्याच्या अंदाजात एक कॅरट चुकला तर सोन्यात ०.२ ग्रॅमचा फरक पडतो. आकडा लहान वाटेल, पण अनेक खड्यांच्या हारात तो साठत जातो.

मोती : गोल मोत्याचे घनफळ व्यासाच्या घनाच्या π/६ पट, म्हणून गुणक पुन्हा ०.००२६. घनता २.७० धरली तर सहा मिलिमीटरचा मोती सुमारे दीड कॅरट भरतो. नथीतला मोती तारेत ओवलेला, म्हणजे भोक पाडलेला असतो, भोक ०.८ मिलिमीटरचे असेल तर जवळपास पावणेतीन टक्के वजन गेलेच. इथे व्यासातली चूक तिप्पट होते. जुन्या मुंबई बाजारात तर नैसर्गिक मोत्यांचा भाव वजनावर नव्हे, वजनाच्या वर्गावर चाले. टांकातल्या वजनाचा वर्ग करून त्याला ३३० ने गुणायचे आणि मोत्यांच्या संख्येने भागायचे. येईल ती ‘चव’, भाव ठरवण्याचे माप. टांक म्हणजे २४ रत्ती. व्यास एक टक्का चुकला तर वजन तीन टक्के आणि चव सहा टक्के चुकते. अशा मालाला अंदाज परवडत नाही, तो तोलावाच लागे.

सुटा खडा आणि पाणी : खडा सुटा असून ओळख पटत नसेल तर गणित उलटे फिरवतात. मोजपात्रात खडा टाकून पाणी किती चढले हे पाहण्यात अर्थ नाही, २.३० कॅरटच्या नीलमाचे घनफळ ०.११५ घनसेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन थेंब पाणी. त्याऐवजी खडा आधी हवेत आणि मग पाण्यात लोंबता ठेवून तोलतात. हवेतल्या वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागले की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, मिळते. वरचा नीलम पाण्यात ०.५७५ कॅरटने हलका होईल आणि भागाकार ४.०० येईल. खड्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा निकाल बिघडवतो, म्हणून पाण्यात साबणाचा एखादा थेंब घालतात. एक कॅरटच्या खाली ही रीतही डळमळते : घट पाव कॅरटची आणि वाचनातली चूक एक सेंटची असली, तर उत्तर चार टक्क्यांनी हलते.

पुण्याच्या परिसरात बेसाल्टच्या पोकळ्यांतून निघणाऱ्या खनिजांना यातले फारसे काही लागू पडत नाही. पाषाणच्या खाणीतला हिरवा अपोफायलाइट आणि वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत, पण ती मऊ खनिजे आहेत. पैलू पाडून अंगठीत घालण्याजोगी नाहीत. त्यांचे झुबके ग्रॅममध्ये तोलले जातात. पाण्यात तोलून घनता काढायला गेले तर स्फटिकांच्या फटींत हवा अडकते. शिवाय बुडाशी बहुधा बेसाल्टचा तुकडा चिकटलेला असतो. अपोफायलाइट २.३ ते २.४ घनतेचा आणि बेसाल्ट २.९ च्या आसपास. तो तुकडा छिनून काढला नाही तर येणारा आकडा ना धड खनिजाचा, ना खडकाचा.