पुण्याची सावली आणि न्यूयॉर्कचं घड्याळ

नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की माझ्या भाचीच्या घरातलं रात्रीचं जेवण तासभर पुढे जातं. ती खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तिची टीम न्यूयॉर्कच्या लोकांबरोबर काम करते. रोजची मीटिंग तिकडच्या सकाळी ९ वाजता. ती उन्हाळाभर आपल्या संध्याकाळी ६:३० ला असते, आणि नोव्हेंबरात एका रात्रीत ७:३० ला जाते. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर पुन्हा ६:३०. गेल्या वर्षी तिच्या सहा वर्षांच्या मुलाने मला विचारलं, "आजी, अमेरिकेतली घड्याळं मागे कोण करतं? आणि मग आपलं का नाही करत?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: सरकार करतं, कायद्याने. वसंतात एका रविवारी पहाटे २ वाजले की लगेच ३ वाजल्याचं धरायचं, आणि शरदात २ वाजले की पुन्हा १ पासून मोजायचं. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला चांगलंच कामाला लावलं, कारण त्याचं उत्तर पुण्याच्या आकाशात शोधावं लागतं.

पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो, डिसेंबरात दूर जातो. विषुववृत्तावर याने दिवसाच्या लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. जसजसं उत्तरेला जावं तसतसा तो वाढत जातो. लंडन ५१.५ अंशांवर आहे. तिथे २१ जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि २१ डिसेंबरचा आठ तासांहूनही छोटा. पुणे १८.५ अंशांवर. इथे जूनचा सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरचा सगळ्यात छोटा अकरा तासांचा. म्हणजे वर्षभरात फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, आणि तोही सकाळ-संध्याकाळ वाटला जातो. २१ जूनला पुण्यात सूर्य ५:५९ च्या सुमारास उगवतो. लंडनमध्ये घड्याळ पुढे केलं नाही तर त्याच दिवशी तो ३:४३ ला उगवेल, सगळं शहर पडदे ओढून झोपलेलं असताना.

हे पडदेच विल्यम विलेट या इंग्रज बांधकाम व्यावसायिकाच्या डोळ्यांत खुपले. पहाटे घोड्यावरून रपेट मारायची त्याला सवय होती. लख्ख ऊन पडलेलं आणि घरोघरी खिडक्या बंद. १९०७ साली त्याने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका छापून मागणी केली की एप्रिलमध्ये चार रविवारी २०-२० मिनिटांनी घड्याळ पुढे करावं आणि सप्टेंबरात तसंच मागे आणावं. त्याच्याही आधी, १८९५ मध्ये, न्यूझीलंडमध्ये जॉर्ज हडसन या गृहस्थाने दोन तासांच्या बदलाची कल्पना मांडली होती. हडसन टपाल खात्यात पाळीने काम करायचा आणि उरलेल्या वेळात कीटक गोळा करायचा. संध्याकाळी उजेड जास्त मिळाला तर त्याला किडे जास्त सापडणार होते. विलेट १९१५ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ ला, महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने घड्याळं पुढे केली आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही तेच केलं.

युक्ती नीट पाहिली तर तिच्यात उजेड 'वाचत' कुठेच नाही. सूर्य त्याच्या वेळेलाच उगवतो आणि मावळतो. सगळ्या देशाला एकदम तासभर लवकर उठवायचं असेल, तर प्रत्येक कचेरीचं, शाळेचं, आगगाडीचं वेळापत्रक बदलण्यापेक्षा घड्याळाचा काटा हलवणं सोपं, एवढाच हिशेब. आपल्याकडे घटिका मोजायच्या त्या सूर्योदयापासून. एक घटिका २४ मिनिटांची, अहोरात्रात अशा ६०. सूर्योदयानंतर पाच घटिकांनी कामाला लागायचं ठरलं असेल, तर सूर्य लवकर उगवताच काम आपोआप लवकर सुरू होतं, काटा हलवावा लागत नाही. गरज पडली ती यंत्राचं घड्याळ आणि गिरणीचा भोंगा आल्यावर.

आता पुण्याकडे. मेच्या १४ तारखेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. गच्चीवर एक सरळ पाइप उभा करून बसायचं. सावली आखडत आखडत पाइपच्या बुडाशी येते आणि क्षणभर नाहीशी होते. मुलांना हे फार आवडतं. पण मोबाइलवर १२ वाजतात तेव्हा ती अजून बरीच असते. नाहीशी होते १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास. हा उशीर कुठून आला?

भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर बेतलेली आहे. पुणे त्याच्या पश्चिमेला, ७३.८६ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे मिर्झापूरला माध्यान्ह झाल्यावर पुण्यात ती व्हायला सुमारे ३५ मिनिटं जातात. (पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नसल्यामुळे आणि आस कललेला असल्यामुळे त्यात आणखी काही मिनिटं कमी-जास्त होतात: फेब्रुवारीत पुण्याची खरी माध्यान्ह १२:४९ पर्यंत सरकते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ ला येते.) १ जानेवारी १९०६ ला ही प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि मुंबईकरांनी ती इतकी धरून ठेवली की महापालिकेची घड्याळं १९५५ पर्यंत मुंबईच्या वेळेने चालत होती.

याचा अर्थ मला तरी महत्त्वाचा वाटतो. पुण्याचं घड्याळ सूर्याच्या ३५ मिनिटं पुढेच आहे. तिकडचे लोक उन्हाळ्यापुरता एक तास पुढे जातात; आपण अर्ध्या तासाहून थोडे जास्त पुढे, बारा महिने, शंभराहून अधिक वर्षं आहोत. भाचीच्या मुलाला मी हेच सांगितलं: आपलंही घड्याळ पुढे केलेलं आहे बाळा, फक्त ते परत मागे आणायचं नाही असं ठरलंय.

एकदा ते आणखी पुढे गेलंही होतं. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, संपूर्ण भारताची घड्याळं एक तास पुढे ठेवली होती. त्या काळात जानेवारीच्या मध्यावर पुण्यात सूर्य उगवायचा तो सकाळी ८:१० च्या सुमाराला.

जानेवारीचं उदाहरण मुद्दाम घेतलं. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असं आपण म्हणतो. खरं तर तो २२ डिसेंबरपासूनच वाढायला लागलेला असतो, पण वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. २१ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात पुण्याचा सूर्यास्त सुमारे १४ मिनिटांनी उशिरा जातो, आणि सूर्योदयही सात-आठ मिनिटांनी उशिरा! वर्षातली सगळ्यात उशिराची पहाट संक्रांतीच्या आगेमागेच असते, ७:१० ला. सात वाजता पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्यांना त्या दिवसांत वर पोचून सूर्याची वाट पाहावी लागते.

मग भारताने घड्याळ पुढे-मागे करावं का? वीज वाचेल, हे जुनं कारण विलेटच्या काळात खरं होतं, कारण तेव्हा घरातली वीज म्हणजे मुख्यतः दिवे. आज एलईडी दिवा फारच थोडी वीज खातो आणि पंखा, फ्रिज, एसी बरीच जास्त. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात २००६ मध्ये पहिल्यांदा सगळ्या जिल्ह्यांनी ही पद्धत स्वीकारली, तेव्हा घरगुती विजेची बिलं तपासून पाहिली गेली. वापर कमी होण्याऐवजी सुमारे एक टक्क्याने वाढला होता: दिव्यांवर वाचलं, पण तापलेल्या संध्याकाळी लोक घरी लवकर आल्याने एसीवर त्याहून जास्त गेलं. ॲरिझोनासारख्या वाळवंटी राज्याने १९६८ पासून ही पद्धत नाकारली आहे. तिथे संध्याकाळी ऊन आणखी तासभर हवंय असं कुणालाच वाटत नाही. एप्रिलच्या संध्याकाळी भिंतींतून धग बाहेर येत असताना पुण्यात कुणाला विचारलं तर वेगळं उत्तर मिळेल असं मला वाटत नाही.

विजेपेक्षा माझी काळजी शरीराची आहे. १७२९ साली ज्यां-जाक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधाऱ्या जागी ठेवून दिलं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत राहिली आणि रात्री मिटत राहिली. घड्याळ रोपाच्या आत होतं. आपल्याही आत ते आहे. मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, सुमारे २०,००० पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तो झोप, शरीराचं तापमान, संप्रेरकं यांचा ताल धरतो. पेशीच्या आत हे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसं चालतं, ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

माणसाचं हे आतलं घड्याळ सरासरीने २४ तासांपेक्षा थोडं हळू चालतं. त्याला रोज किंचित पुढे ढकलावं लागतं आणि ते काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात यासाठी खास पेशी आहेत. त्या चित्र पाहण्यासाठी नसून उजेड किती आहे हे मेंदूला कळवण्यासाठी असतात. संध्याकाळचा उजेड उलटं काम करतो: झोप आणणारं मेलाटोनिन लांबवतो आणि घड्याळ मागे ओढतो. म्हणून काटा पुढे केला की दुहेरी नुकसान होतं, सकाळचा उजेड जातो आणि संध्याकाळचा वाढतो. स्वीडनमधल्या नोंदींत वसंतातल्या बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे पाच टक्क्यांनी वाढलेले दिसले. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये ही पद्धत बंद करण्याच्या बाजूने मत दिलं, तरी सदस्य देशांचं एकमत न झाल्याने ती चालूच आहे. मेक्सिकोने २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागांत ती बंद केली.

आपल्याकडे वेगळी मागणी आहे. देश पूर्व-पश्चिम इतका पसरलेला की अरुणाचलाच्या टोकाला आणि कच्छच्या टोकाला सूर्य जवळजवळ दोन तासांच्या अंतराने उगवतो. आसामच्या चहामळ्यांत त्यामुळेच 'चायबागान वेळ' पाळतात, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दोन कालविभागांचा प्रस्ताव मांडला. त्याआधी बंगळुरूतल्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेच्या अभ्यासकांनी सुचवलं होतं की सगळ्या देशाचंच घड्याळ अर्धा तास पुढे करावं. संध्याकाळचा विजेचा ताण कमी होईल. विजेचा त्यांचा युक्तिवाद अभ्यासपूर्ण आहे. पण तो पुण्यावर लावून बघा: जानेवारीतला सूर्योदय ७:४० ला. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये उन्हाळी वेळ वर्षभर ठेवून पाहिली होती. अंधारात शाळेला निघणारी मुलं पाहून पालक इतके धास्तावले की त्याच वर्षी ऑक्टोबरात ती बदलावी लागली. रशियाने २०११ मध्ये तसंच केलं आणि २०१४ मध्ये मागे आला. आसामचा प्रश्न खरा आहे, तो सोडवायलाच हवा, पण त्याची किंमत पश्चिमेकडच्या मुलांच्या पहाटेने देऊ नये.

कारण ती मुलं आधीच देताहेत. कॉर्नेल विद्यापीठातल्या एका संशोधकाने भारतातल्या मुलांच्या झोपेच्या नोंदी तपासल्या. जिथे सूर्य घड्याळाच्या हिशेबाने उशिरा मावळतो तिथे मुलं उशिरा झोपतात, शाळा मात्र त्याच वेळेला भरते. सूर्यास्त एक तास उशिरा असेल तर झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते, आणि त्याचा परिणाम शिक्षणावर दिसतो. देशाच्या पश्चिम भागाला, म्हणजे आपल्यालाही, हे लागू आहे.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा आदेश काढला, तेव्हा बसच्या फेऱ्या आणि दोन सत्रांची गैरसोय यावरून बरीच कुरकुर झाली. मला तो निर्णय मनापासून पटला. काटा तसाच ठेवून वेळापत्रक सूर्याकडे सरकवण्याचा हा सरळ मार्ग आहे. मात्र पाचवीपासून पुढची मुलं त्यातून सुटली, आणि वयात येताना आतलं घड्याळ आणखी उशिराकडे झुकतं हे तर चांगलं सिद्ध झालेलं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आठवी-नववीची चार मुलं जानेवारीत ६:३० ला स्कूलबसची वाट पाहत उभी असतात. सूर्योदयाला अजून ४० मिनिटं असतात, रस्त्यावरचे दिवे चालू असतात आणि बसचा हेडलाइट वळणावरून आला की त्यांच्या सावल्या लांबच लांब पडतात. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, दोनच महिने, या वर्गांची पहिली घंटा अर्धा तास उशिरा वाजवायला शाळांना संसदेची परवानगी लागत नाही.