नको त्या मेसेजांच्या गर्दीत हवा तो मेसेज

मृगाच्या तोंडावर विदर्भातल्या कोणत्याही कास्तकाराचा मोबाईल उघडून पाहा. बिनातारण कर्ज, रमी खेळा आणि जिंका, मिहानजवळ प्लॉट, कपाशीच्या बियाण्याच्या शेवटच्या बॅगा, आणि याच गर्दीत कुठेतरी पीकविम्याचे पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज. घरात चालू नंबर बहुधा एकच. तोच आधारला जोडलेला, तोच बँकेत दिलेला, तोच पोराच्या कॉलेजच्या फॉर्मवर. त्यामुळे ‘सगळंच बंद करून टाक ना बाप्पा’ हा सल्ला द्यायला सोपा. नको ते अडवायचं आणि हवं ते येऊ द्यायचं, हा गुंता नियम करणाऱ्यांनाही अजून पुरता सुटलेला नाही. तो पडला कसा, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

मोबाईलच्या आधी असला माल पोस्टमनच्या थैलीतून यायचा. देवाच्या नावाचं पोस्टकार्ड यायचं: अशीच पत्रं आणखी इतक्यांना पाठवा, पाठवली त्याला गुप्तधन सापडलं, फाडून टाकलं त्याचा बैल गेला. लोक हसायचे, आणि तरी रात्री कंदिलापाशी बसून कार्डं लिहायचे. दुसरा प्रकार व्ही.पी.चा, म्हणजे पैसे देऊन सोडवायच्या पार्सलचा. मासिकातलं कोडं सोडवा, रेडिओ मिळवा. उत्तर सगळ्यांचंच बरोबर यायचं, मग पार्सल यायचं, आणि पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवल्याशिवाय ते उघडता यायचं नाही. तरी दोन गोष्टी घेणाऱ्याच्या बाजूने होत्या. पाठवणाऱ्याला प्रत्येक कार्डाचे पैसे मोजावे लागत, आणि व्ही.पी. ‘घेण्यास नकार’ लिहून परत लावता येई.

ईमेलने पाठवणाऱ्याची यातली पहिली, पैशाची अडचण काढून टाकली. 3 मे 1978 रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या सुमारे 400 जणांना एकदम पाठवली. नको असलेल्या जाहिरातीच्या मेलचा इतिहास तिथून मोजतात. भारतात सामान्यांसाठी इंटरनेट आलं 15 ऑगस्ट 1995 ला, आणि आपल्या खेड्यात ईमेल पोचला तो स्मार्टफोनच्या पोटातून. मोबाईल दुकानदार नवा फोन चालू करताना जीमेलचं खातं काढून देतो. पासवर्ड त्यालाच ठाऊक, मेल कोणीच उघडत नाही. मग भरतीचा अर्ज केलेला पोरगा हॉलतिकीट शोधायला बसतो, तेव्हा ते जाहिरातींच्या ढिगाखाली, नाहीतर स्पॅमच्या कप्प्यात सापडतं.

अशा मेलविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदा झालाच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-अ मध्ये त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याबद्दल फसवण्यासाठी केलेल्या मेलचा उल्लेख होता. पण ते कलम गाजलं लोकांच्या सोशल मीडियावरच्या पोस्टवरून झालेल्या अटकांमुळे, आणि 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मेलचा उपद्रव थांबवण्यासाठी ते वापरल्याचं निदान आमच्या भागात कोणाच्या ऐकण्यात नाही.

फोनची गोष्ट वेगळी. 2003 पासून इनकमिंग फुकट झालं, मोबाईल हळूहळू धुऱ्यापर्यंत पोचला, आणि त्यामागोमाग जाहिरातीचे कॉल. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2007 मध्ये नियम केले आणि ऑक्टोबर 2007 मध्ये ‘नॅशनल डू नॉट कॉल रजिस्ट्री’ सुरू झाली. गंमत अशी की त्याच महिन्यात महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा आली. बाजारभाव आणि हवामानाचे मेसेज मराठीतून मिळावेत म्हणून शेतकरी त्यासाठी पैसे मोजत होते. शहरातला माणूस मेसेज बंद करायला नाव नोंदवत होता, तेव्हा इकडे मेसेज यावा म्हणून वर्गणी भरली जात होती. पुढचे नियम शहरातल्या डोकेदुखीवर बेतले गेले, असं मला वाटतं, ते यामुळेच.

2010 चे नियम 27 सप्टेंबर 2011 पासून पूर्ण लागू झाले. जाहिरातीच्या कॉलला 140 ने सुरू होणारे नंबर ठरले, आणि एका सिमवरून दिवसाला 100 मेसेजची मर्यादा आली. ती पुढे 200 झाली, आणि 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काढून टाकली. मग ट्रायने पोस्टकार्डाचाच हिशोब परत आणला: दिवसाला 100 च्या वर प्रत्येक मेसेजला किमान 50 पैसे. तोही 2020 मध्ये गेला.

2018 च्या नियमांनी वेगळी वाट धरली. मेसेज पाठवणाऱ्या संस्थेने आपलं नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवायचा, जुळला तरच मेसेज पुढे जाणार. 8 मार्च 2021 ला ही चाळणी चालू केली, आणि बँकांपासून लसीकरणाच्या नोंदणीपर्यंतचे ओटीपी अडकले. आठवडाभरासाठी चाळणी थांबवावी लागली. नको ते गाळताना हवं तेच आधी गळालं.

‘डीएनडी केलं तर बँकेचा मेसेज येईल काय?’ (डीएनडी म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’, जाहिराती नकोत अशी नोंद) ही शंका खेड्यात अजून घट्ट आहे, आणि असले अनुभव पाहता तिला हसू नये. पण नियम स्पष्ट आहे: ओटीपी आणि व्यवहाराचे मेसेज डीएनडीने बंद होत नाहीत. 1909 ला फोन लावून किंवा इंग्रजीत ‘स्टार्ट 0’ असा मेसेज पाठवून नोंद होते, पैसे लागत नाहीत.

फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीने कामाचं काही दिलं. पाठवणाऱ्याच्या नावापुढे आता डॅश देऊन एक इंग्रजी अक्षर येतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्यालाही एवढं एक अक्षर ओळखायला शिकवता येतं. तक्रारीची मुदत 3 दिवसांवरून 7 दिवस झाली, आणि बिगरनोंदणीच्या नंबरावरून त्रास असेल तर डीएनडीत नाव नसलं तरी तक्रार चालते.

मात्र 2016 मध्ये डेटा स्वस्त झाल्यापासून निम्मा बाजार व्हॉट्सअॅपवर गेला, आणि तिथे हे ट्रायचे नियम लागत नाहीत. पीएम किसानच्या नावाने एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये अॅप टाकणारी) येते ती तिथेच. ती उघडून पैसे गेले तर तक्रार 1909 ला नाही, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करायची, आणि तीही लगेच.

राहिला प्रश्न नंबर फुटतो कुठून याचा. कृषी केंद्राच्या बिलावर नाव, गाव, मोबाईल लिहिला जातो. सेतूवर लिहिला जातो, फवारणी पंपाच्या वॉरंटी कार्डावरही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि संमतीबाबतच्या मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून 18 महिने आहेत. तोवर बिलावर मोबाईलचा रकाना रिकामा ठेवा म्हटलं, तर दुकानदार भाऊ चष्म्यावरून बघतो आणि विचारतो, ‘काहून? स्कीमचा मेसेज नको काय?’