अश्वप्रदर्शन संघ (लहान) : अर्थव्यवहार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थानिक पातळीवर घोड्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या, नफा न वाटणाऱ्या सभासद-संघांचा जमाखर्च.

या प्रथेच्या उगमाबद्दल एकमत नाही. व्हर्जिनियातील अपरव्हिल येथे रिचर्ड हेन्री ड्यूलॅनी यांनी १८५३ मध्ये सुरू केलेले प्रदर्शन सामान्यतः त्या देशातील सर्वांत जुने मानतात. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथेही मोठे अश्वप्रदर्शन भरले होते. तथापि अपरव्हिलचे प्रदर्शन आजही भरत असल्याने त्याचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. उत्पन्न लोककार्याला देण्याचा पायंडा पेनसिल्व्हेनियातील डेव्हनच्या प्रदर्शनात (स्थापना १८९६) ठळक दिसतो. १९१९ पासून ते ब्रिन मॉर रुग्णालयासाठी निधी उभारते.

करमाफीसाठी संघ महसूल संहितेच्या कलम ५०१(सी)च्या कोणत्या पोटकलमात बसतो, हा कळीचा प्रश्न आहे. शिक्षण वा धर्मादाय हेतू असल्यास पोटकलम ३ लागू होते व देणगीदारालाही करवजावट मिळू शकते. पैदास सुधारणे हा मुख्य हेतू असेल, तर शेतीविषयक संस्थांचे पोटकलम ५ अधिक समर्पक. मात्र त्यात देणगीवर ती वजावट सहसा मिळत नाही. वार्षिक ढोबळ जमा साधारणतः ५०,००० डॉलरपर्यंत असल्यास बहुतेक संघांना ‘९९०-एन’ हे छोटे ऑनलाइन विवरण पुरते. आवश्यक विवरण सलग तीन वर्षे न भरल्यास करमाफी आपोआप रद्द होते. पदाधिकारी बदलताना ही बाब हमखास निसटते, म्हणून ती नव्या खजिनदाराला लेखी सोपवावी. रिंगणाच्या कठड्यावरील फलकावर प्रायोजकाचे नाव, बोधचिन्ह व दूरध्वनी क्रमांक असल्यास ती रक्कम करमुक्त पुरस्कृत निधी ठरू शकते. मालाची किंमत छापली की ती जाहिरात होते. खाद्यपदार्थांचा स्टॉल जवळजवळ पूर्णपणे बिनपगारी स्वयंसेवक चालवत असल्यास त्याचे उत्पन्न असंबद्ध व्यवसायाचे (मूळ हेतूशी संबंध नसलेल्या, करपात्र धंद्याचे) मानत नाहीत.

जमेच्या मुख्य बाजू म्हणजे वर्गणी, प्रवेशशुल्क आणि तबेल्याचे भाडे. परीक्षकाचे मानधन, मैदानभाडे, विमा व प्रथमोपचार पथक यांचा खर्च घोडे आठ आले काय नि ऐंशी आले काय, फारसा बदलत नाही. पावसाने प्रवेशिका घटल्या की तूट येते. रिबिनी मात्र जपता येतात. अमेरिकेत पहिल्या क्रमांकाला निळी, दुसऱ्याला तांबडी रिबीन देतात. तिच्यावर वर्ष न छापल्यास उरलेल्या रिबिनी पुढच्या हंगामात वापरता येतात.